एडिटरमधली सात नावं

भालू,

परवा दुपारी क्लासमध्ये माझा डोळा लागला. दोन वाजले होते. मालवण जेवून आडवं झालं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वर पंखा फिरत होता आणि तुझ्या खुर्चीत बसल्या बसल्या मी कुठेतरी खाली खाली गेलो. तिथे तू टाइप करत होतास. तुझं ते दोन बोटांचं टाइपिंग, ठाक ठाक, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा ठाक. पडद्यावरची अक्षरं मला लागत नव्हती, नुसता रंग दिसत होता, हिरवट निळा. बाहेर समुद्र असावा, कारण भिंतीवर उजेड हलत होता. मी तुला हाक मारली. तू मान वळवली नाहीस, पण तुझे खांदे हसले. जाग आली तेव्हा वीज गेली होती आणि पंखा आपल्या वेगाने थांबत चालला होता.

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. गावातल्या मंडळाने माझ्याकडे तुझ्यावर चार ओळी मागितल्या, जन्म, शिक्षण, कार्य वगैरे. मी नाही म्हटलं. ते दुसरं कुणीही लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तेही ह्या शहरी मराठीत, ज्याला तू कायम हसत आलास. आपण अकरा वर्षं मालवणीत भांडलो, आता माफी मागताना मी ऑफिसातली भाषा काढली आहे. हस, हवं तेवढं हस.

क्लास माझा होता. नव्याण्णव साली चार जुने कॉम्प्युटर आणून मी बाजारात गाळा घेतला आणि पाटीवर माझ्या नावापुढे डिप्लोमा लिहिला. पहिल्या तुकडीत तू आलास. वय तिशीच्या आसपास, पोरांच्या बाकावर गुडघे अडकवून बसलेला. तोंडवलीच्या रापणकराचा, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचा मुलगा, आणि होडीत पाय ठेवला की तोंड पिवळं. "म्हणान हय इलंय," तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, "दर्यात माका वकारी येता." आणि तरीही रोज खाडी होडीनेच ओलांडावी लागायची, डोळे मिटून, दांडी घट्ट धरून. तीन महिन्यांत तू माझ्या पुढे गेलास. मला राग आला होता. मग मी तुला भागीदार केला, कारण विद्यार्थी आपल्याला शिकवतो हे पाटीला बरं दिसत नाही.

एडिटरचं वेड तुझं. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने प्रोग्रॅम लिहायची एक छोटी भाषा करून फुकट वाटली होती, बेसिकच्या वळणाची. पाच-सहा शब्द शिकले की आठवीतल्या मुलीलाही पडद्यावर काहीतरी घडवता यायचं. पण ती लिहायला पडद्यावर धड जागा, म्हणजे एडिटर, नव्हता. काळा पडदा, आणि चूक झाली की नुसता ओळीचा आकडा. त्यात आपल्या क्लासात विंडोज, आणि तुमच्या गावच्या शाळेत मुंबईकरांनी दिलेल्या दोन मशिनांवर लिनक्स, कारण ते मासिकाच्या सीडीवर फुकट आलं होतं. शाळेत शिकलेलं पोर क्लासात आलं की बावचळायचं. तू म्हणालास, "दिग्या, हयसून थंय गेला तरी पोराक तोच पडदो दिसाक व्हयो. तोच रंग, तीच बटना." मी म्हटलं, असले एडिटर मोठमोठ्या कंपन्या बनवतात. तू म्हणालास, "तेंका तोंडवलीची शाळा ठावक नाय."

तेवढ्यावर आपण सुरुवात केली.

आठवतात त्या दुपारीच. एक ते चार. गाव झोपलेलं, क्लासला पोरं नाहीत, वीज असली तर आहे. तू लिहायचास, मी शेजारी बसून चुका काढायचो, आणि मध्येच दोघांनाही पेंग यायची. कित्येकदा मी अर्धवट झोपेत ऐकायचो की तू कर्सरशी बोलतो आहेस. "खंय चल्लंस रे? हय ये." एक ओळ पुसायची, पुन्हा तीच लिहायची. दाराबाहेर ऊन पांढरं झालेलं असायचं, आणि मला वाटायचं, आपण दोघे कुठल्यातरी पाण्याखालच्या खोलीत बसलो आहोत आणि वरच्या जगाला आपला पत्ता नाही. मी पुण्यात सहा वर्षं काचेच्या इमारतीत काम केलं, भालू. चांगली माणसं होती, चांगले पडदे होते. त्या दुपारींसारखी एकही दुपार तिथे आली नाही.

काम पुढे सरकलं तसं मालवण आणि तोंडवलीत फ्लॉपीची ये-जा सुरू झाली. तू मशिनं बघायला शाळेत असलास की मी ती बाबल तारीकडे द्यायचो. खाडीवर होडी मारणारा बाबल, तेव्हाच साठीचा. पाणी लागू नये म्हणून तो ती प्लास्टिकात गुंडाळून टोपीखाली डोक्यावर ठेवायचा. पहिल्याच खेपेला तू शाळेजवळच्या बूथवरून फोन केलास. "दिग्या, सगळा एका वळीत इला! दोनशे वळी, सगळे चिकटान!" आणि मी, डिप्लोमाधारक, दोन मिनिटं विचार करून म्हणालो, "होडीत हिंदोळली असतली. बाबलाक सांग, हलव नको."

हे मी खरंच म्हणालो. आणि तुला ते पटलं, हे त्याहून मोठं.

बाबल किती ओशाळला होता. पुढच्या दोन खेपा त्याने अशा केल्या, जणू होडीत गणपती बसवला आहे. ताठ मानेने बसून, वल्हं हळू मारत, उतारूंवर खेकसत, "हलू नकात रे, डोक्यार कंपूटर आसा." तरीही प्रोग्रॅम एका ओळीतच येत राहिला. तिसऱ्या दिवशी तू कुठलंसं पुस्तक उलथंपालथं करून शोधलंस की ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन खुणा टाकतं आणि लिनक्स एकच. आपला कच्चा एडिटर शाळेत ती जोडखूण ओळखतच नव्हता, म्हणून सगळ्या ओळी चिकटत होत्या. बाबलचा, टोपीचा, खाडीच्या लाटांचा काडीमात्र संबंध नव्हता. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. मी सुटलो म्हणून हसत सुटलो. तू हसला नाहीस. तसाच उठून सायकल काढलीस, खाडीवर गेलास आणि बाबलला म्हणालास, "चूक आमची. तुझ्यार फुकट आळ घातलंव."

परत आल्यावर तू मदतीच्या मेनूत ‘अबाउट’ची खिडकी उघडलीस. आपली दोन नावं तिथे आधीच होती. त्यांच्याखाली तू लिहिलंस, बाबल तारी.

मला वाटलं गंमत आहे. पण मग तू एक दिवस आबांना घेऊन आलास, तुझ्या वडिलांना. आबा रापणीत पाणी बघणारे. किनाऱ्यावर उभं राहून लांबून सांगायचे, मासळीचा थवा कुठे आहे, कारण तिथे पाण्याचा रंग बदलतो. आपण तेव्हा रंगांवर अडलो होतो. आज्ञा कुठल्या रंगात, अवतरणातला मजकूर कुठल्या, टिपा कुठल्या. माझ्या मते जे छान दिसेल ते. तुझ्या मते वाचायच्या आधी दिसलं पाहिजे. तू आबांना पडद्यापासून सहा हात लांब खुर्ची दिलीस. त्यांना इंग्रजी अक्षर कळत नव्हतं, चष्माही घरी राहिला होता. तू एकामागून एक प्रोग्रॅम उघडत गेलास. चौथ्याला आबा पुढे झुकले.

"हय कायतरी फुटला," ते म्हणाले. "ह्यो रंग खाली व्हावत गेलो."

एका पोराने अवतरणचिन्ह उघडून मिटलं नव्हतं. तिथपासून खालचा सगळा प्रोग्रॅम मजकुराच्या रंगात बुडाला होता. मला ती चूक सापडायला दहा मिनिटं लागली असती. आबांनी ती न वाचता दाखवली. मी ते आजवर पुण्यात कितीतरी जणांना सांगितलं आहे, फक्त गोष्ट म्हणून सांगितलं, कुणाच्या नावाने नाही. त्या दिवशी आबांचं नाव चौथं झालं. मग ज्या बाईंनी शाळेत पोरांना ती भाषा शिकवली आणि रोज वहीत चुका टिपून दिल्या, त्या. मग फोनच्या बूथवाला, ज्याने इंटरनेटसाठी आपली लाइन जोडू दिली. मग वायरमन, ज्याने वीज गेल्यावर पंधरा मिनिटं तग धरणारी बॅटरी जुळवून दिली. सात.

"सात नावा?" मी म्हटलं. "एडिटर आसा काय लग्नाची पत्रिका?"

"रापणीच्या दोरयेक हात लावल्यान तेका वाटो," तू म्हणालास.

"ही रापण न्हय, भालू. लिवल्यान कोणी? तू आणि मी."

"लिवलंव आपण. पण ओढल्यानी सगळ्यांनीच मा?"

"बाबलाक माऊस कसो धरतत ठावक नाय."

"तुका वल्हा कसा धरतत ठावक आसा?"

हे भांडण आपण वर्षभर भांडलो. कधी चिडून, कधी नुसतं चाळा म्हणून. मी म्हणायचो जगात असं कुठे नसतं, तू म्हणायचास मग आता आसतला. तुला चिडवण्यासाठी मी एकदा खाडीतल्या मुळ्यांचं, त्या शिंपल्यांचंही नाव घालू या का म्हणून विचारलं होतं, कारण दुपारच्या जेवणात त्याच असायच्या. मला आतून पटत नव्हतं, आणि मी सोडूनही देत नव्हतो. आज वाटतं, तू गेल्यावर ह्या वादात माझ्या बाजूला कुणी उरलेलंच नाही. मीसुद्धा नाही.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते लिहितो.

दोन हजार चार साली मला पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. स्वतः केलेलं काम दाखवा, असं पत्रात होतं. तू त्या दिवशी आबांना घेऊन कुडाळला दवाखान्यात गेला होतास. मी क्लासमध्ये एकटा बसलो आणि ती खिडकी उघडली. सात नावं. मला दिसायला लागलं, टेबलापलीकडचा माणूस विचारतो आहे, हा तारी कोण, आणि सात जणांत तुमचं काम किती? मी बाबलचं नाव काढलं. मग वायरमनचं. मग एकेक काढत गेलो आणि शेवटी दोन उरली. मग तुझं काढलं.

एवढंच. दोन मिनिटांचं काम. सीडी बनवली, बॅग भरली, आणि जाता जाता घाईत तीच प्रत आपल्या एडिटरच्या साइटवर चढवली, जिथून तो कुणालाही फुकट घेता यायचा. घाई हे कारण पहिल्या दिवसापुरतं खरं आहे. दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं. तेव्हाच बदलता आलं असतं. पण नोकरी मिळाली, मग कुठून कुठून लोक एडिटर उतरवून घ्यायला लागले, मला पत्रं येऊ लागली, आभाराची, कौतुकाची. प्रत्येक पत्रानंतर ते परत घालणं थोडं अधिक कठीण झालं. शेवटी मी त्याचा विचार करणं बंद केलं. हे जमतं माणसाला, मी करून पाहिलं आहे.

आणि तू? तू क्लास चालवत राहिलास आणि मला दुरुस्त्या पाठवत राहिलास. शोधून बदलण्याची सोय तू केलीस. मागे जाण्याच्या आज्ञेतला तो भयंकर घोटाळा तूच सोडवलास. प्रत्येक मेलच्या शेवटी तुझी ठरलेली ओळ असायची, "आवृत्तीचो आकडो बदललंय, बाकी कशाक हात लावूक नाय." आवृत्तीचा आकडा त्याच खिडकीत असतो, भालू. माझ्या एकट्याच्या नावाच्या बरोबर वर. म्हणजे सहा वर्षांत तू ते तीसेक वेळा तरी पाहिलंस. मी गणपतीला यायचो, तू मला होडीने घरी न्यायचास, आबा सोलकढी पुढे करायचे, आणि तू एक शब्द काढला नाहीस. मी ठरवून टाकलं होतं की तुला फरक पडत नाही. तुझा स्वभावच तसा, असं म्हणून मोकळा झालो होतो.

मग हा ताप. पाचच दिवस. मी पुण्याहून आलो तेव्हा तू उशीला टेकून बसलेला होतास, डोळे हळदीसारखे. मला बघून पहिलं वाक्य काय, तर लिनक्सवर छापताना शेवटची ओळ गळते. "बघतंय," मी म्हटलं. सलाइन टपकत होतं, खिडकीतून दुपारचा तोच जुना उजेड येत होता, आणि मला वाटलं आत्ता सांगावं. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि विचारलंस, "काय सांगूचा आसा?"

"काय नाय," मी म्हटलं.

"बरा," तू म्हणालास आणि कुशीवर वळलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

त्या "बरा"वर मी चौदा दिवस जगतो आहे. त्यात राग होता का? निराशा होती का? की नुसता थकवा? तुझा आवाज पुन्हा पुन्हा आठवून पाहिला, आता तो झिजत चालला आहे आणि त्यात मला हवं ते ऐकू यायला लागलं आहे. म्हणून थांबलो.

काल तुझं तेरावं होतं. आबांनी मला आग्रहाने वाढलं. त्यांच्या डोळ्यांना आता फार दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. जेवण करून मी निघालो तेव्हा बाबलच्या होडीत मी एकटाच उतारू होतो. भरती होती, पाणी अगदी गप्प. पलीकडचे माड उलटे उभे होते आणि वल्ह्याने ते हळूहळू मोडत होते. मी झोपेतून बोलावं तसं बोलून गेलो. तुला जे सांगायचं होतं ते मी बाबलला सांगितलं.

"बाबल, एडिटरात तुझा नाव व्हता. मी काढलंय."

बाबलचं वल्हं चुकलं नाही. "माका ठावक आसा," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू पुण्याक गेलंस, तेच्या म्हयन्याभरात. भालून सांगल्यान. तो म्हणालो, बाबल, दिग्यान नावा काढल्यान. तुझा, आबांचा, माझापण."

मी विचारलं, रागावला होता का. बाबलने जरा आठवल्यासारखं केलं.

"वाईट वाटला व्हता तेका. मगे मीच म्हटलंय, तुका येता मा ता काम? तू घाल परत, तेका कळाचाय नाय. तर तो म्हणालो, माका येता, पण ता दिग्यानच घालूक व्हया. येतलो तो, घालतलो. थांबा तुमी."

किनारा जवळ आला होता. बाबलने वल्हं आत घेतलं आणि होडी आपोआप सरकू दिली.

"मी थांबलंय," तो म्हणाला. "तो थांबाक नाय."

भालू, एक शिवी हासडली असतीस रे. पुण्याला फोन करून आईबापाचा उद्धार केला असतास, गणपतीत सगळ्यांसमोर तोंड फिरवलं असतंस, तर मी त्याच दिवशी रडत ती नावं घातली असती. तू मला ओळखत होतास, मी ओरडल्याशिवाय हलत नाही हे तुला ठाऊक होतं. तरी तू माझ्याकडून माझ्यापेक्षा मोठ्या माणसाची वाट पाहिलीस, तीही सहा वर्षं, आणि मी तुझ्या उशाशी बसून काही नाही म्हणालो. मला तुझा राग येतो आहे. तुझ्याइतका विश्वास माझ्यावर कुणी ठेवला नाही, आणि तुझ्याइतकं महाग कुणी पडलं नाही.

नावं घातली. आज दुपारी, एक ते चारच्या वेळेला. तुझं पहिलं, मग आबा, बाबल, बाई, बूथवाला, वायरमन, आणि शेवटी मी. नवी आवृत्ती साइटवर चढवली आणि शाळेतल्या दोन मशिनांवरही उद्या घालून येतो. छापताना गळणारी शेवटची ओळ अजून सापडलेली नाही, पण आता मी इथेच आहे, सापडेल. संध्याकाळी आबांना फोन करून मी ती यादी वाचून दाखवली. तुझं नाव आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तू अजून क्लासातच असावास तसे म्हणाले, "भालूक दाखवलंस?"